वेठ, उचल आणि हजेरीपट

नळदुर्गच्या किल्ल्यात सहल नेली की मुलांना आवरणे कठीण जाते. बोरी नदीवर जो दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की माथ्यावरून पाणी कोसळत असते आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पाणी पडते त्या दोन वाटांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. हे काम १६१३ चे, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीतले. एवढे सगळे आम्ही मुलांना सांगून संपवले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, हे बांधणाऱ्यांना पगार वेळेवर मिळत होता का?”

ही मुलगी दिवाळीनंतर वर्गात नसते. तिचे आईवडील पुण्याकडे इमारतींच्या कामावर जातात, तीही जाते. प्रश्न कुठून आला हे आम्हाला कळले. इतिहासाच्या पुस्तकात ‘राजाने किल्ला बांधला’ असे वाक्य असते. राजाने एक घमेलेही उचललेले नसते. पण ज्यांनी उचलले त्यांच्याबद्दल काय सांगायचे, याची तयारी आपण सहसा करून जात नाही.

सुरुवात दगडापासून करता येते. भिंतीतला एखादा चिरा टेपने मोजा. समजा तो ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट असते. म्हणजे हा एक चिरा पावणेतीनशे किलोंच्या पुढे गेला. तो खाणीतून पहारीने सुटा करायचा, छिन्नीने घडवायचा, गाड्यावर चढवायचा, भिंतीवर नेऊन चुन्यात बसवायचा. मुले भिंतीतले चिरे मोजू लागतात आणि थोड्या वेळात गप्प होतात.

आता पगाराचे. त्या काळी कसबी कारागिराला, म्हणजे पाथरवटाला किंवा गवंड्याला, मोबदला देऊन आणावे लागे, कारण त्याचे कसब दुसरीकडेही चालत असे. अंगमेहनतीचे काम मात्र वेठीने करून घेण्याची प्रथा होती. हे कशावरून? आदिलशाही काळातल्या इनामाच्या कागदांत कोणकोणत्या करांतून सूट दिली याची यादी असते आणि तीत वेठबेगारही येते. ज्याची माफी लेखी द्यावी लागते, ते इतरांना भोगावे लागत होते हे उघड आहे. इतिहासात असे पुरावे उलट बाजूने वाचावे लागतात.

असाच एक पुरावा फार जुना आहे, आणि तोही बंधाऱ्याचाच. गुजरातेत जुनागढजवळचा सुदर्शन तलाव वादळात फुटला. महाक्षत्रप रुद्रदामनने तो पुन्हा बांधून घेतला आणि इ.स. १५० च्या सुमारास खडकावर लेख कोरवला. त्यात तो अभिमानाने सांगतो की प्रजेला कर, विष्टी वगैरेंचा त्रास न देता, स्वतःच्या खजिन्यातून हे काम केले. विष्टी म्हणजे राजाने सक्तीने, मजुरी न देता करून घेतलेले काम. आपला ‘वेठ’ हा शब्द त्यातूनच आला. वेठ न घेणे ही शिळेवर कोरण्यासारखी गोष्ट होती, यावरून नेहमीची रीत कोणती होती ते समजावे.

पिरॅमिड गुलामांनी बांधले असे आपण ऐकत आलो. १९९० पासून गिझा येथे सापडलेली कामगारांची थडगी आणि वस्ती वेगळे सांगतात. तिथे भट्ट्या आहेत, आणि कामगारांची मोडून पुन्हा जुळून आलेली हाडेही आहेत. म्हणजे अन्न आणि उपचार मिळत होते. पण पाळीने कामाला येणे त्यांच्या मर्जीवर नव्हते. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या किनाऱ्यावर मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची नोंदवही सापडली. खुफूच्या पिरॅमिडसाठी नावेने चुनखडी नेणाऱ्या टोळीची ती रोजची नोंद आहे. पुढे तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्य थकले म्हणून काम बंद केले. नोंद असलेला हा पहिला संप. पगार वेळेवर मिळत होता का, हा प्रश्न इतका जुना आहे.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. १९७२ च्या दुष्काळात वेठ नव्हती, राजाही नव्हता. तरी मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे ही ती कामे. मजुरी मोजमापावर मिळे. खोदलेल्या खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक उंचवटा तसाच ठेवतात, त्यावरून खोली मोजायची. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. घमेल्यात पंधरा किलो धरली तर शंभर घमेली झाली. मोजणाऱ्याने टेप जरा ढिली धरली की दहा-वीस घमेली हवेत जातात.

कोणी हुकूम केला नव्हता, मग ही सक्ती म्हणायची का? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एका बांधकामाच्याच निमित्ताने दिले. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत स्टेडियम आणि पूल उभे राहत होते. मजुराचा रोज ९ रुपये २५ पैसे ठरलेला होता. ठेकेदार तो जमादाराच्या हाती देत, जमादार आपला एक रुपया कापून ८ रुपये २५ पैसे पुढे सरकवी. न्यायालयाने म्हटले की वेठबिगार राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बंद केली आहे आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणे ही सक्तीचीच मजुरी आहे. भुकेने माणसाला दुसरा मार्ग उरत नाही, म्हणून तीही सक्ती आहे. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामालाही हेच लागू झाले. लोकांच्या मदतीसाठी काम काढले आहे म्हणून कमी मजुरी चालेल, हा सरकारचा बचाव टिकला नाही.

महाराष्ट्रात दरम्यान रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. कामावर सावली, पाणी, लहान मुलांची सोय. वेठीला बोलावलेला माणूस आणि काम मागायला आलेला माणूस यांत आम्हाला हा खरा फरक वाटतो. हातात घमेलेच असले, तरी एकाचे नाव हजेरीपटावर असते.

आमच्या विद्यार्थिनीच्या आईवडिलांचे नाव मात्र कुठल्याच पटावर नाही. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिली, ती फिटेपर्यंत कामावर राहायचे. हिशोब मुकादमाच्या वहीत. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये संसदेने कायदा केला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला, त्यातून कल्याण मंडळे उभी राहिली. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार महिन्यांत तीन साइट बदलणाऱ्याला तो द्यायचा कोणी? साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मेरेरची वही निदान सापडली तरी.

पाणीमहाल लांब असेल तर लांब जायची गरज नाही. १९७२ च्या वेळचा पाझर तलाव बहुतेक गावांच्या शिवारात आहे. त्यावर विशीत काम केलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. माती मोजायला कोण येत होते, पगार किती दिवसांनी होई, सुकडी कधी वाटत, तान्ही मुले कुठे झोपवत आणि बाप्यांपेक्षा रोज कमी होता का, हे विचारून लिहून आणायला सांगा. तलावाची भिंत टेपने मोजून घ्या आणि घमेल्यांचा हिशोब फळ्यावर करा. हे यंदाच करावे. तलाव जागेवर राहील, आज्या राहणार नाहीत.