पद्मपूरचा नाटककार आणि दूरदेशीचे विद्यार्थी

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया मागे टाकून गाडी छत्तीसगडकडे निघाली की आमगाव लागतं. सगळा भाताचा मुलूख. महाराष्ट्राची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीच्या जोडीने पोवारी, हिंदी आणि छत्तीसगडीही कानावर पडते. गावाला लागूनच पद्मपूर आहे. बोलताना लोक त्याला पदमपूर म्हणतात. संस्कृतातला थोर नाटककार भवभूती इथला, अशी या भागाची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेला बऱ्यापैकी पुरावाही आहे.

आपलं घराणं दक्षिणापथातल्या पद्मपूरचं, असं भवभूतीनेच नाटकांच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे. ‘मालतीमाधवा’च्या काही हस्तलिखितांत विदर्भाचाही उल्लेख येतो. पण हे पद्मपूर नेमकं कोणतं? १८७६ साली ‘मालतीमाधव’ संपादून काढणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची नजर चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे गेली होती. पुढे दुर्ग जिल्ह्यात वाकाटक राजांचा एक अर्धवट ताम्रपट सापडला. तो पद्मपूरहून दिलेला होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्याचा धागा धरून हे गाव म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मांडलं. ताम्रपट पाचव्या शतकातला, भवभूती आठव्यातला. म्हणजे त्याच्या काळी गावाचं राजवैभव केव्हाच सरलं होतं.

भवभूती गावात राहिला नाही. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त तो कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी दिसतो. पूर्व विदर्भातून कनौज म्हणजे नर्मदा ओलांडून थेट गंगेचा काठ. स्वतः असा दूर गेलेला हा माणूस नाटकांतही शिकायला निघालेली माणसं सारखी आणतो, आणि तिकडे टीकाकारांचं फारसं लक्ष जात नाही. त्याच्या करुण रसावरच सगळ्यांची शाई संपते.

‘मालतीमाधवा’चा नायक माधव विदर्भातल्या कुंडिनपूरच्या मंत्र्याचा मुलगा. त्याला न्यायशास्त्र शिकायला पद्मावतीला धाडलं आहे, म्हणजे आजच्या ग्वाल्हेरजवळच्या पवायाला. तिथली कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका. माधवाचे आणि नायिका मालतीचे वडील, दोघेही मंत्री, तिचे जुने सहाध्यायी. नाना दिशांहून आलेले विद्यार्थी तेव्हा एकत्र शिकत होते, असं ती सांगते. ही मैत्री इतकी घट्ट, की आपल्या मुलांची लग्नं एकमेकांत लावायचं दोघा मित्रांनी तिच्यादेखत ठरवलं. वैदिक घराण्यातल्या कवीने बौद्ध बाईला दोन मंत्र्यांच्या बरोबरीने शिकलेली दाखवावं, यात आपण काही विशेष करतो आहोत असा आव कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, तेव्हा जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण ४.७ क्रमांकाच्या लक्ष्यात घातलं. भवभूतीचं जग अर्थातच तेवढं रुंद नव्हतं. पण परमुलखातल्या, परधर्मातल्या माणसाशेजारी बसून शिकणं त्याला ओळखीचं होतं.

‘उत्तररामचरिता’तली आत्रेयी तर एकटीच निघते. वाल्मीकींच्या आश्रमातून दंडकारण्यात, अगस्त्यांकडे वेदान्त शिकायला. इतके मोठे गुरू सोडून कशाला, असं वनदेवता तिला विचारते. आत्रेयीच्या अडचणी दोन. एक तर कुश-लव इतके तल्लख, की त्यांच्याबरोबर शिकताना तिची दमछाक होते. दुसरं म्हणजे गुरुजी रामायण रचण्यात गढलेले. गुरू हुशाराला आणि मंदाला सारखंच शिकवतो, फळ मात्र सारखं येत नाही, हेही ती सांगून टाकते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलीची ही तक्रार इतकी खरी आहे, की नाटककाराने ती कुठेतरी ऐकलीच असावी.

वाल्मीकींच्या त्याच आश्रमात थोर पाहुणे आले म्हणून सुट्टी मिळते आणि पोरं हुंदडतात. अश्वमेधाचा घोडा पाहून बटू धावत लवाकडे येतात. शेपूट आहे, खूर चार आहेत, गवत खातो, असं काहीतरी अजब जनावर आलंय म्हणतात. आश्रमातल्या पोरांनी घोडा फक्त पोथीत वाचलेला! पुस्तकी शिक्षणाची याहून मिस्कील थट्टा जुन्या संस्कृत साहित्यात क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकात ही नाटकं समुद्रापलीकडे गेली. होरेस हेमन विल्सनने त्यांची इंग्रजी भाषांतरं केली. श्रीपाद कृष्ण बेलवलकर हार्वर्डला शिकायला गेले. त्यांचं ‘उत्तररामचरिता’चं भाषांतर १९१५ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघालं.

आमगावात आज भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. ते चालवणाऱ्या भवभूती शिक्षण संस्थेशी लक्ष्मणराव मानकर गुरुजींचं नाव जोडलेलं आहे. मानकर १९७७ साली भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले होते, पण नावामागचं ‘गुरुजी’ काही सुटलं नाही. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं; त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली, १ मे रोजी.