कोंडलेल्या हवेचा साक्षीदार

कोंदट खोलींत डोकें जड झालें कीं त्याचें खापर आपण उच्छ्वासांतील कर्बवायूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर, फोडतों. हा आरोप जुना आहे. त्याची चौकशी कशी झाली हें आम्हांस अधिक उद्बोधक वाटतें.

म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनीं १८५८ मध्यें असें मांडलें कीं, राहत्या खोलींतील हवेंत हा वायु हजारांत एक भागाहून अधिक असूं नये. हा आंकडा पाठ्यपुस्तकांत इतका रुजला कीं त्यामागचा विचार लोक विसरून गेले. एवढ्याशा कर्बवायूनें अपाय होतो असें पेटेनकोफर यांचें म्हणणें नव्हतेंच. माणसांच्या श्वासानें व अंगच्या वाफेनें हवा किती बिघडली हें मोजण्याचें साधन नव्हतें. कर्बवायु मात्र मोजतां येई. म्हणून त्यांनीं त्यास साक्षीस बोलाविलें. लोकांनीं साक्षीदारासच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें!

मग खऱ्या विषाचा शोध सुरू झाला. पॅरिसचे ब्राउन-सेकार व दार्सोंवाल यांस १८८७-८८ च्या सुमारास तें उच्छ्वासाच्या दंवांत सांपडलेंसें वाटलें. इंग्लंडांत हॉल्डेन व लॉरेन स्मिथ यांच्या प्रयोगांत तें टिकलें नाहीं. अखेर १९०५ सालीं ब्रेस्लाव येथें फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेंत माणसें बंद कोठडींत बसविण्यांत आलीं. आंत घुसमटणाऱ्यास नळीनें बाहेरची शुद्ध हवा दिली, तरी त्यास आराम पडेना. बाहेर बसून आंतली दूषित हवा हुंगणाऱ्यास कांहींच होईना. त्रास होता तो उकाड्याचा व दमटपणाचा.

येथें खटला संपावयाचा. परंतु २०१२ मध्यें अमेरिकेंत बर्कली येथील संशोधकांस हजारांत एक ते अडीच भाग कर्बवायूंतही निर्णयशक्ति मंदावलेली आढळली. पुढें इतरांस, पाणबुडीवरील खलाशांच्या चांचणींत तर विशेषच, तसें आढळलें नाहीं. दुपारच्या वर्गांतील पेंगुळलेपणाचा दोष हवेवर ढकलूं पाहणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांनीं तूर्त जपूनच बोलावें.

साक्षीदाराचें महत्त्व मात्र वाढलें आहे. २०२० नंतर कोरोनाच्या सांथींत, एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या छातींत किती जातो हें ओळखण्यासाठीं अनेक देशांत वर्गांमध्यें कर्बवायुमापकें ठेवण्यांत आलीं. आणि घरांतील भिंतीवरचा साधा एसी बहुधा खोलींतलीच हवा फिरवून गार करतो. फ्ल्यूगे यांच्या कोठडींत उकाडाच माणसास दार उघडावयास लावी. एसीच्या खोलींत तो नसतो. दोन माणसें निजलेल्या अशा बंद खोलींत पहांटेपर्यंत कर्बवायु हजारांत दोन भागांवर सहज जातो, आणि कोणासही जाग येत नाहीं.