लिलावाचा पुकारा

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे समुद्रावरून आला. पोर्तुगीज 'लैलांव' मराठीत लिलाव झाला, हिंदीत नीलाम. पोर्तुगीजांनी तो अरबांकडून घेतलेला, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थ जाहीर करणे. विक्रीचा त्यात उल्लेखही नाही.

हा जुना अर्थ मला गोव्यातल्या देवळांत अजून जिवंत दिसतो. देवाला आलेल्या फळांची, साड्यांची तिथे 'पावणी' होते, म्हणजे पुकारून लिलाव. केळ्यांच्या घडावर बाजारभावाच्या कितीतरी पट बोली चढते, कारण पैसा देवाच्या कामी लागणार असतो.

पण याच कारणाने बोली लवकर थांबूही शकते. समजा, तुमच्या नऊशेच्या बोलीवर मी थांबलो आणि घड तुम्ही नेलात. साध्या लिलावात मी हरलो असतो. इथे तुमचे नऊशे माझ्याच देवळाला मिळाले, म्हणजे माझ्याही मनासारखे झाले. मग हजार म्हणून ते नऊशे मी कशाला घालवू? गेरी, मासलांट, ऑन्डरस्टाल आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2005 मध्ये हेच गणिताने मांडले. जिंकणाराच पैसे भरतो तो लिलाव दानासाठी कमी पडतो. बोली लावणाऱ्या प्रत्येकाने पैसे भरायचे, हरला तरी, अशी रीत जास्त निधी आणते. सोडतीचे तिकीटही असेच, न लागले तरी पैसे परत नाहीत.

पुढे कार्पेंटर, होम्स आणि मॅथ्यूज यांनी अमेरिकेतल्या बालवाड्यांच्या निधीसाठी प्रत्यक्ष लिलाव करून पाहिले. त्यांचा अहवाल 2008 चा. निकाल उलटा लागला: बंद पाकिटात बोली द्यायची आणि जिंकणाऱ्यानेच आपली रक्कम भरायची, ही साधी रीत सरस ठरली. सगळ्यांनी भरायच्या रीतीत लोक उतरलेच कमी.

मला वाटते, पावणीचे बळही इथेच आहे. तिचा नियम पोरासोरांनाही ठाऊक असतो, म्हणून मंडपातला कोणीही बोली लावतो. शिवाय नाव चारचौघांत पुकारले जाते. तुमचे नऊशे देवळाला मिळाले तरी तो पुकारा माझ्या वाट्याला येत नाही, आणि त्यासाठी मी हजार म्हणतो.

श्वेतांबर जैनांच्या पर्युषण पर्वात धार्मिक विधींच्या मानासाठी बोली होते, तिच्यात तर अनेक ठिकाणी रुपयांचे नावही निघत नाही. तिथे मणामणाने तूप बोलतात. मणाचा दर संघाने आधीच ठरवलेला असतो. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, ऐकू येते ते बोलणाऱ्याचे नाव आणि तुपाचे मण.