उपकरातून आलेली कॉफी

भोरहून रायरेश्वराकडे निघालं की वाटेत आंबवडे लागतं. नागेश्वराचं देऊळ, कान्होजी जेध्यांची समाधी, भाताची खाचरं, वरच्या अंगाला नाचणी आणि वरई. डोंगर सह्याद्रीचा, पाऊस भरपूर, पण कॉफी हे इथलं पीक नव्हे. याच डोंगररांगेच्या दक्षिण भागात, चिकमगळूर आणि कोडगूमध्ये, देशातली निम्म्याहून अधिक कॉफी पिकते. फरक पावसाच्या मापापेक्षा त्याच्या वेळेचा आहे. कॉफीच्या झाडाला फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एखादी चांगली सर लागते. ती पडली की आठ-दहा दिवसांत फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पुढे आणखी एक सर आली की फळ धरतं. तिकडे ही सर बहुधा वेळेवर येते. भोर-वेल्ह्यात वळवासाठी मे महिन्याची वाट पाहावी लागते आणि तोवर डोंगर कोरडे ठाक असतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती दूर मेळघाटात, चिखलदऱ्याला, आणि तीही थोडी.

पीक आलं नाही, पण पेय घरोघर पोचलं. ते कसं, याची कथा मळ्यात सुरू होत असली तरी तिचा खरा पेच बाजारात आहे.

सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चंद्रगिरीच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं परंपरा सांगते. त्या डोंगराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. दत्तपीठ म्हणून तिथे जाणाऱ्या मराठी भाविकांना तो ओळखीचा आहे. एकाच ठाण्यावर दत्तात्रेय आणि बाबा बुदन दोघांना मानणारी माणसं येतात. भारतीय कॉफीचा उगम अशा जागी व्हावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोनशे वर्षं ही कॉफी बहुतांशी परसात राहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जंगल साफ करून मळे उभारले, आणि तेव्हापासून हे पीक दुसऱ्यांच्या टेबलासाठी झालं. दाणा जहाजात चढायचा आणि त्याचा भाव लंडनमध्ये ठरायचा. १८६९मध्ये सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा पडला. तिथले मळेवाले हळूहळू चहाकडे वळले. भारतातली कॉफी रोगाचे तडाखे सोसत टिकली, पण तिचं गिऱ्हाईक परदेशीच राहिलं.

१९२९नंतरच्या जागतिक मंदीत हे अवलंबित्व अंगाशी आलं. ब्राझीलने तर भाव सावरण्यासाठी १९३१पासून पुढच्या तेरा-चौदा वर्षांत ६० किलोचं एक, अशी सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी नष्ट केली. दक्षिणेतल्या मळेवाल्यांसमोर प्रश्न उभा राहिला: बाहेरचा घेणारा हटला, तर हा माल प्यायचा कोणी? उत्तर चहाने आधीच दाखवलं होतं. १९०३च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला होता आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला होता. आज आंबवड्यात पाहुण्यापुढे चहाचा कप येतो, त्याच्या मुळाशी निर्यातदारांची ही चिंता आहे. चहा आपल्याकडे अनादि काळापासून असल्यासारखा आपण वागतो, पण आपल्या पणजोबांच्या लहानपणी तो खेड्यात क्वचितच दिसे.

कॉफीनेही तीच वाट धरली. १९३५मध्ये कॉफी उपकर कायदा झाला. निर्यातीवरच्या उपकरातून कॉफीच्या प्रचाराची समिती चालू लागली, आणि १९३६मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडलं. चार पैशांत बरी कॉफी, बसायला खुर्ची, आणि उठा म्हणून कोणी मागे लागत नाही. कवी, पत्रकार, कामगार पुढारी, विद्यार्थी यांचा अड्डा म्हणून जे कॉफी हाउस पुढे देशभर गाजलं, त्याची मूळ कल्पना शिल्लक माल खपवण्याची होती. याने कॉफी हाउसला कमीपणा येत नाही. मालाला गिऱ्हाईक शोधायला निघालेल्या धंद्याने शहराला बोलायची जागा दिली.

दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली. १९४२च्या कायद्याने मळेवाल्यांनी आपली कॉफी नव्या कॉफी मंडळाच्या एकत्रित साठ्यात द्यायची आणि विक्री मंडळाने करायची, असं ठरलं. कॉफी हाउसंही मंडळाकडे होती. पन्नासच्या दशकात मंडळाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७मध्ये दिल्लीत त्यांचं स्वतःचं ‘इंडियन कॉफी हाउस’ सुरू झालं. काल ज्यांनी ट्रे उचलले ते आज मालक झाले. या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

मराठी घरात कॉफी आली तिला आणखीही वाटा होत्या. उडपी हॉटेलांनी माटुंग्यापासून पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यापर्यंत फिल्टर कॉफीची गोडी लावली. घरी मात्र आपण तिला आपलं वळण दिलं: भरपूर दूध, साखर, वर किसलेलं जायफळ.

१९५०-५१मध्ये देशात सुमारे १९ हजार टन कॉफी होत होती. आता साडेतीन लाख टनांच्या पुढे होते. रोबस्टा त्यात सुमारे सत्तर टक्के. सोव्हिएत संघ हा मोठा ग्राहक होता, तो १९९१मध्ये मोडला. त्याआधी १९८९मध्ये आंतरराष्ट्रीय कोट्याची व्यवस्था कोसळली होती. मंडळाची एकत्रित विक्रीही १९९६पर्यंत संपली आणि मळेवाला थेट जगाच्या बाजारात उभा राहिला. २०२३-२४मध्ये निर्यात सुमारे १२९ कोटी डॉलरची झाली. इटली त्यातला मोठा घेणारा.

देशातला खप २०१२मध्ये ८४ हजार टन होता, २०२३मध्ये ९१ हजार. दरडोई वर्षाला जेमतेम ६५ ग्रॅम. ब्राझील आणि व्हिएतनामच्या दुष्काळाने भाव चढले, म्हणून गेल्या काही हंगामांत कोडगूच्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले. पण हा भाव ब्राझील-व्हिएतनामच्या पावसावर टांगलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक कॉफी उत्पादक लहान शेतकरी आहेत; भाव पडला की पहिला मार त्यांना बसतो. १९३५ साली उपकर बसवून देशातच गिऱ्हाईक घडवण्याचं जे काम हाती घेतलं होतं, ते २०१२ ते २०२३ या अकरा वर्षांत सात हजार टनांनी पुढे सरकलं. या गतीने ते अजून फार बाकी आहे.