श्वासाची वही

दिवाळीच्या तोंडावर भिंती खरवडून त्यांना चुन्याचा हात देण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या भुकटीने घशाला बसणारा चरका आठवत असेल. चार वेळा खोकले, पाणी प्यायले की तो जातो. न्यूयॉर्कच्या बंबवाल्यांच्या घशात ११ सप्टेंबर २००१ रोजी गेलेली धूळ मात्र अशी गेली नाही.

त्या दिवशी विमाने आदळून वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ११० मजली दोन्ही मनोरे कोसळले आणि तेथील अग्निशामक दलाचे ३४३ लोक कामी आले. ही कथा उरलेल्यांची आहे. मनोरे पडले तेव्हा काँक्रीट, जिप्सम आणि काच यांचे अक्षरशः पीठ झाले. त्यात ॲस्बेस्टॉस होते, काचेचे तंतू होते, आणि सिमेंटमुळे ती धूळ चुन्यासारखीच दाहक होती. पहिल्या दिवसांत पुष्कळांच्या तोंडावर धड मुखवटाही नव्हता. ढिगाऱ्याखाली आपले सोबती असताना नाकाला फडके बांधायला कोण थांबणार? १८ सप्टेंबरला पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा सुरक्षित असल्याचे जाहीर केले. असे छातीठोक सांगण्याइतकी माहिती तेव्हा हाती नव्हती, असा निर्वाळा त्याच खात्याच्या महानिरीक्षकाने दिला, पण तो २००३ साली! तोवर ढिगारा उपसूनही झाला होता.

'दम लागतो' ही तक्रार करणे सोपे, सिद्ध करणे कठीण. वय आहे, सिगारेट आहे, हवापाणी आहे. दोष ढकलायला जागा पुष्कळ. पण या दलात एक चांगली चाल होती. नळीत जोराने फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे प्रत्येकाचे आधीपासूनच मोजून ठेवलेले असे. त्या जुन्या आकड्यांशेजारी नवे मांडले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पहिल्याच वर्षात बंबवाल्यांच्या श्वासात सरासरी ४३९ मिलिलिटरची घट झाली. वयोमानाने एवढे व्हायला दहा वर्षांहून अधिक लागतात. ज्यांनी सिगारेटला कधी हात लावला नाही, त्यांच्यातही फुंकर सामान्य मर्यादेखाली उतरलेल्यांचे प्रमाण शेकडा ३ वरून १८ वर गेले. पुढील सहा वर्षांत गेलेला श्वास फारसा परतला नाही.

हृदयाचा हिशेब त्याहून उशिरा लागला. २०१९ साली सुमारे ९,८०० जणांच्या नोंदींतून दिसले की, त्या सकाळी सर्वांत आधी पोहोचलेल्यांना हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या गंभीर दुखण्यांचा धोका मागाहून आलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक होता. आधी धावल्याचे हे बक्षीस!

औषधोपचाराच्या खर्चाचा कायदा व्हायला २०११ साल उजाडले. २०१५ मध्ये त्याची मुदत २०९० पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे तेव्हाचा विशीतला तरुण शंभरी ओलांडून जाईल.

सप्टेंबर २०२३ मध्ये या दलातील धुळीच्या दुखण्यांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली, आणि पुढे ती वाढतच गेली. ब्रुकलिनमधील मुख्यालयाच्या स्मारकभिंतीवर दर सप्टेंबरात नवी नावे चढतात.