कापसाचें कवच

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांतील रोहणा हें गांव कपाशीच्या काळ्या मुलुखांत वसलेलें आहे. या भागांतला कापूस बाहेर नेण्याकरितां पुलगांव ते आर्वी ही अरुंद मापाची आगगाडी १९१७ सालीं सुरू झाली, आणि पुढें कित्येक दशकें ती रोहण्यावरून धांवत होती. कापूस म्हटला कीं धोतर, लुगडें, गादी आणि दिव्याची वात एवढेंच मनांत येतें. परंतु याच मऊ वस्तूनें युद्धाच्या आकाशांत कवचाचें काम केलें आहे.

६ नोव्हेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालेलें हरिकेन हें लढाऊ विमान पहावें. त्याच्या मागल्या अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर लांकडी पट्ट्या, आणि वरून लिननचें कापड ताणून बसविलेलें. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्याच जातीच्या झाडाच्या तंतूंचें वस्त्र. त्यावर डोप नांवाचा लेप देत. तो वाळला कीं कापड मृदंगाच्या पुडीसारखें ताठ होई. या लेपांतील सेल्यूलोज सरकीला चिकटून राहिलेल्या बारीक लवेपासून मिळे. लिनन दुर्मिळ झाल्यावर अमेरिकेनें विमानांसाठीं सुती कापडच पत्करलें. त्याची एक इंच रुंदीची पट्टी ८० पौंडांचा ताण सहन करी.

१९४० च्या ब्रिटनवरील हवाई संग्रामांत स्पिटफायरपेक्षां हरिकेनांनीं अधिक शत्रुविमानें पाडलीं. याच विमानांतून हिंदी वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पुष्कळदां गोळी कापडाच्या एका अंगानें शिरून दुसऱ्या अंगानें निघून जाई. सांगाडा शाबूत असला तर ठिगळ लावून, लेप देऊन विमान लवकर सज्ज होई. मात्र ही सोय निर्धोक नव्हती, कारण कापड आणि लेप दोन्ही ज्वालाग्राही होतीं.

लांकडाची कथाही अशीच आहे. २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालेल्या मॉस्किटो विमानाचें अंग बर्चच्या पातळ फळ्यांमध्यें हलकें बाल्सा लांकूड घालून, सरसानें जोडून केलेलें होतें. सामान बनविणाऱ्या सुतारांचे हात त्यामुळें युद्धकार्याला लागले. परंतु हिंदुस्थानांतील उष्ण, दमट हवेंत कांहीं विमानांचे सांधे सुटले, अपघात झाले, आणि १९४४ च्या अखेरीस तीं जमिनीवर ठेवून तपासावीं लागलीं. लांकूड टिकलें, पण सांध्यानें दगा दिला.

युद्धानंतर कापूस रस्त्यावर उतरला. पूर्व जर्मनींत पोलादी पत्र्याची टंचाई होती. तेथें १९५७ पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीचें बाह्यांग सोव्हिएट देशांतील टाकाऊ कापूस आणि फिनॉलची राळ यांना उष्णतेखालीं दाबून बनवीत. आंतला सांगाडा पोलादीच असे. १९९१ पर्यंत अशा सुमारें तीस लाख गाड्या निघाल्या. बाह्यांगाला गंज चढत नसे. पण तें वितळवून पुन्हां वापरतांही येत नसे, व जाळल्यास विषारी धूर होई.

या सर्व उदाहरणांत बळ एकट्या पदार्थाचें नव्हतें. तें विणीचें, ताणाचें, लेपाचें आणि सांध्याचें होतें. म्हणूनच कापसाच्या मुलुखाला प्रश्न पडतो तो हा: गासडी बांधून गाडींत चढविली कीं काम संपलें असें मानावयाचें, कीं त्यापुढची विद्याही शिकावयाची? कारण कापसाची खरी किंमत त्या विद्येंत ठरते, आणि ती विद्या ज्याच्या हातीं असते, तीही त्याच्याच पदरांत पडते.