निर्बंधन विकरे

निर्बंधन विकरे (रेस्ट्रिक्शन एंझाइम) ही डीएनए रेणूतील ठरावीक क्रम ओळखून त्या ठिकाणी किंवा त्याच्या आसपास रेणूचे दोन्ही धागे कापणारी प्रथिने होत. ती प्रामुख्याने जीवाणूंमध्ये व आर्किआ या सूक्ष्मजीवांमध्ये आढळतात. जीवाणूवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा डीएनए पेशीत शिरताच त्याचे तुकडे करणे हे त्यांचे नैसर्गिक कार्य मानले जाते. विषाणूच्या वाढीवर ती निर्बंध घालतात, म्हणून हे नाव पडले. नावात कापण्याचा उल्लेख नाही, कारण निर्बंध आधी दिसला आणि कात्री बऱ्याच वर्षांनी सापडली.

शोध

१९५० च्या दशकाच्या आरंभी साल्वादोर लुरिया, मेरी ह्यूमन, जुझेप्पे बर्तानी व जीन वाइगल यांच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली. एका वाणाच्या जीवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्या वाणात क्वचितच तग धरी; मात्र जे थोडे वाचत, त्यांची संतती त्या नव्या वाणात सहज वाढे. पुन्हा जुन्या वाणात वाढवल्यास ही क्षमता नाहीशी होई. म्हणजे हा आनुवंशिक बदल नव्हता. विषाणूच्या डीएनएवर यजमान जीवाणूची खूण उमटते आणि खूण नसलेला डीएनए तोडला जातो, हे १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील वेर्नर आर्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९७० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ व केंट विलकॉक्स यांनी हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूतून निश्चित जागी कापणारे विकर वेगळे केले. पुढच्याच वर्षी डॅनियल नेथन्स व कॅथलीन डॅना यांनी त्याच्या साहाय्याने एसव्ही-४० या विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे केले. आर्बर, नेथन्स व स्मिथ यांना १९७८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमाची ओळख

डीएनएचा मजकूर अ‍ॅडेनीन (ए), थायमीन (टी), ग्वानीन (जी) व सायटोसीन (सी) या चार अक्षरांत लिहिलेला असतो. एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूच्या एका वाणातून मिळालेले इकोआर-१ हे विकर ‘जीएएटीटीसी’ हा सहा अक्षरी क्रम ओळखते. असे क्रम बहुधा विलोम असतात. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते; डीएनएतील विलोमाची रीत मात्र थोडी वेगळी आहे. येथे तोच धागा उलटा वाचायचा नसून समोरचा जोडीदार धागा त्याच्या स्वतःच्या दिशेने वाचायचा असतो. ए समोर टी आणि जी समोर सी येत असल्याने समोरच्या धाग्यावरही ‘जीएएटीटीसी’ हेच मिळते.

या सममितीचे कारण विकराच्या बांधणीत आहे. इकोआर-१ दोन सारख्या अर्ध्या भागांचे बनलेले असते. प्रत्येक अर्धा भाग क्रमाच्या अर्ध्या भागाशी जुळतो व एक धागा कापतो. विकर प्रथम डीएनएला कोठेही सैलपणे चिकटते आणि रेणूवरून सरकत किंवा लहान उड्या मारत जागा शोधते. त्यासाठी त्याला धाग्यांची जोडी उलगडावी लागत नाही. डीएनएच्या पिळाच्या रुंद खाचेत अक्षरांच्या कडा उघड्या असतात. त्यांच्याशी हायड्रोजन बंध जुळतात की नाही, यावरून पारख होते. बंध जुळले की डीएनए किंचित वाकतो, विकराचाही आकार बदलतो आणि कापणारा भाग योग्य जागी येतो. एक अक्षर जरी वेगळे असले तरी ही जुळणी बिघडते व कापण्याचा वेग प्रचंड घटतो.

कापण्याची क्रिया

डीएनएचा कणा साखर व फॉस्फेट यांच्या साखळीचा असतो. मॅग्नेशियम आयनाच्या मदतीने पाण्याचा एक रेणू फॉस्फेटवर चाल करतो व बंध तुटतो. मॅग्नेशियम नसेल तर इकोआर-१ आपली जागा ओळखून तेथे घट्ट बसते, पण कापू शकत नाही. ते प्रत्येक धागा जी आणि ए यांच्यामध्ये कापत असल्याने तुकड्यांच्या टोकांना ‘एएटीटी’ अशी चार अक्षरे मोकळी लोंबतात. यांना चिकट टोके म्हणतात. इकोआर-५ हे विकर ‘जीएटीएटीसी’ या क्रमाच्या नेमके मधोमध कापते, त्यामुळे बोथट टोके मिळतात. सर्वच निर्बंधन विकरे इतकी काटेकोर नसतात. पहिल्या प्रकारातील विकरे ओळखलेल्या जागेपासून पुष्कळ दूर कापतात व त्यांना एटीपीची ऊर्जा लागते. प्रयोगशाळेत मुख्यतः दुसऱ्या प्रकारातीलच विकरे वापरली जातात.

स्वतःचे संरक्षण

सहा अक्षरांचा एखादा क्रम सरासरी ४,०९६ अक्षरांमागे एकदा येण्याची शक्यता असते. कोलाय जीवाणूचा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा असल्याने या हिशेबाने त्यात हजाराहून अधिक घातक जागा निघतात. हा केवळ संभाव्यतेचा हिशेब. ४८,५०२ जोड्यांच्या लॅम्डा विषाणूत तो १२ च्या आसपास येतो, प्रत्यक्षात इकोआर-१ च्या जागा पाचच आहेत. तरीही एकही असुरक्षित जागा पेशीला महागात पडू शकते. म्हणून अशा विकराबरोबर जीवाणू दुसरे एक विकरही बाळगतो. तेही तोच क्रम ओळखते, परंतु कापण्याऐवजी त्यातील एका अ‍ॅडेनीनला मिथिल गट जोडते. अशी खूण असलेल्या जागी इकोआर-१ ची जुळणी होत नाही. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत निघते तेव्हा नवा धागा कोरा असला तरी जुन्यावरची खूण कायम असते, आणि तेवढी संरक्षणाला पुरते.

उपयोग

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन, हर्बर्ट बॉयर व सहकाऱ्यांनी इकोआर-१ ने कापलेले तुकडे जोडून जीवाणूत घातले. जनुक अभियांत्रिकीचा पाया तेथे घातला गेला. विदर्भ व खानदेशातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराच्या निदानाशीही या विकरांचा थेट संबंध आहे. त्यात बीटा-ग्लोबिन जनुकातील ‘जीएजी’ चे ‘जीटीजी’ होते. या एका अक्षराच्या बदलामुळे एमएसटी-२ या विकराची कापण्याची जागाच नाहीशी होते. त्यामुळे निरोगी जनुकातून सुमारे १,१५० जोड्यांचा तुकडा मिळतो, तर विकृत जनुकातून सुमारे १,३५० जोड्यांचा. गर्भाच्या पेशींतील डीएनएवरही ही परीक्षा करता येते. दोन्ही लांबींचे तुकडे दिसले, तर ते बालक रोगी नसून केवळ वाहक असते.